अणुभट्टीचे भय आणि पानशेतचा दाखला

अणुवीज केंद्र म्हणजे कधीतरी फुटणारच असा बाँब, हे मत महाराष्ट्रातल्या सुशिक्षित वर्गात आता मत म्हणून मांडले जात नाही. ते गृहीत धरूनच बोलणे सुरू होते. डिसेंबर २०१० मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर प्रकल्पासाठी भारतीय अणुऊर्जा महामंडळ आणि फ्रान्सची अरेवा कंपनी यांच्यात प्राथमिक करार झाले. त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, ११ मार्च २०११ रोजी, जपानमध्ये फुकुशिमाची दुर्घटना घडली. तेव्हापासून पुण्यामुंबईतल्या चर्चेत हा विषय निघाला की चेर्नोबिल आणि फुकुशिमा ही दोन नावे उच्चारली जातात आणि विषय तिथेच संपतो. या मताची मांडणी साधारण अशी असते. अणुभट्टीचा अपघात इतर अपघातांसारखा नसतो; एकच अपघात लाखोंचा बळी घेतो आणि पुढच्या पिढ्या नासवतो. तो टाळता येत नाही, कारण जपानसारख्या शिस्तीच्या देशालाही तो टाळता आला नाही. मग जिथे पूल आणि इमारती कोसळतात त्या देशात तो कोण टाळणार? त्यात जैतापूरपासून कोयना जवळ, म्हणजे भूकंप ठरलेला. आणि हा सगळा धोका पत्करायचा कशासाठी, वीज तर इतर मार्गांनीही मिळते.

हे मत मांडणारी बहुतेक माणसे प्रामाणिक आहेत. म्हणूनच त्याचा प्रतिवाद नीट, एकेक मुद्दा घेऊन करायला हवा. कारण जवळजवळ प्रत्येक पायरीवर ते चुकते आणि त्या चुकीची किंमत मोजणारी माणसे या चर्चेत कुठेच नसतात.

पहिला मुद्दा अणुअपघात 'वेगळा' असण्याचा. हे पुण्यात बोलताना तरी विचारपूर्वक बोलायला हवे. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी आंबी नदीवरचे पानशेत धरण फुटले. मातीचे हे धरण अजून पुरे झाले नव्हते. पाणी बाहेर काढणाऱ्या नळाचे आणि दरवाजांचे काम अपुरे असताना त्यात पावसाळ्याचे पाणी साठू दिले गेले. लष्कराच्या जवानांनी रात्रभर रेतीची पोती रचून बांध काही तास तगवला. तो लोंढा खाली आल्यावर एकोणिसाव्या शतकातले खडकवासला धरणही टिकले नाही. दुपारपर्यंत मुठेच्या काठची नारायण, शनिवार, कसबा या पेठांमधली वस्ती पाण्यात गेली, लकडी पूल पाण्याखाली गेला, हजारो घरे पडली. मृतांचा आकडा आजही वादाचा आहे. अंदाज हजारापर्यंत जातात. शहराला स्पष्ट इशारा वेळेवर मिळाला नव्हता, आणि आधी दिलेल्या आश्वासनांवर लोकांनी विश्वास ठेवला होता.

त्यानंतर पुण्याने काय केले? चौकशी आयोग नेमला गेला. लोकमान्यनगर, गोखलेनगर यांसारख्या वसाहतींत पूरग्रस्तांना घरे मिळाली. दोन्ही धरणे पुन्हा बांधली गेली. पुढे त्याच खोऱ्यात वरसगाव आणि टेमघर ही आणखी दोन धरणे उभी राहिली, आणि आज चारही धरणांचे पाणी पुणेकर पितात. टेमघरच्या गळतीची गेल्या दशकात मोठी चर्चा झाली, तेव्हा मागणी झाली ती दुरुस्तीची. धरण ही कल्पनाच महाराष्ट्रातून हद्दपार करा, असे कोणी म्हटले नाही. चीनमध्ये ऑगस्ट १९७५ मध्ये बान्छियाव धरण फुटले, तेव्हा मृतांचे अंदाज २६ हजारांपासून दीड लाखाच्याही पुढे गेले. ऑगस्ट १९७९ मध्ये गुजरातेत मच्छू धरण फुटून मोरवी शहर वाहून गेले. तिथेही हजारो माणसे मेली. वीज आणि पाणी यांसाठी उभारलेल्या बांधकामांच्या इतिहासात याहून मोठी जीवितहानी झालेली नाही. तरीही धरणाच्या बाबतीत समाज कारणे शोधतो, दोष दुरुस्त करतो, देखरेख मागतो. मग अणुभट्टीच्या बाबतीत तोच समाज कारणे ऐकण्याआधीच निकाल का देतो?

कारणे ऐकायची तर इतिहास क्रमाने पाहावा लागतो. ऑक्टोबर १९५७ मध्ये इंग्लंडमधील विंडस्केल येथे ग्रॅफाइटच्या भट्टीला आग लागली. ही भट्टी विजेसाठी नव्हती, बाँबसाठी प्लुटोनियम करणारी होती, हवेने थंड होत होती आणि तिला आजच्या अर्थाने बंदिस्त कवच नव्हते. किरणोत्सर्गी आयोडीन आसपासच्या कुरणांवर पडले. सरकारने सुमारे ५०० चौरस किलोमीटर भागातले दूध गोळा करून ओतून दिले. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण २९ वर्षांनी सोव्हिएत सरकारने नेमके हेच केले नाही. त्याच १९५७ सालच्या सप्टेंबरात उरल पर्वताच्या भागात मायाक येथे अणुकचऱ्याची टाकी फुटली. तोही शस्त्रनिर्मितीचा कारखाना होता. या दोन्ही अपघातांची गणना अणुविजेच्या खात्यावर करणे म्हणजे दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट खाणकामाच्या खात्यावर टाकणे.

विजेसाठी चालणाऱ्या भट्टीचा पहिला मोठा अपघात २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेत थ्री माइल आयलंड येथे झाला. दाब कमी करणारी एक झडप उघडी अडकली. नियंत्रण कक्षातला दिवा ती बंद असल्याचे सुचवत होता. पाणी जास्त झाल्याचा गैरसमज होऊन कर्मचाऱ्यांनी आपत्कालीन पाणीपुरवठा स्वतःच कमी केला आणि भट्टीचा सुमारे निम्मा गाभा वितळला. अणुविजेच्या टीकाकारांनी ज्याला अंतिम संकट मानले होते, ते त्या दिवशी प्रत्यक्ष घडले. परिणाम काय झाला? वितळलेले इंधन पोलादी भांड्यातच राहिले, काँक्रीटच्या कवचाने बहुतेक किरणोत्सर्ग आत रोखला, आणि दहा मैलांच्या परिसरातल्या माणसाला सरासरी ०.०८ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळाली. नैसर्गिक किरणोत्सर्गातून पृथ्वीवरच्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. पोटाच्या एका सीटी स्कॅनमधून त्याच्या तीन-चार पट. या अपघाताची चौकशी केमेनी आयोगाने केली आणि मुख्य बोट यंत्रापेक्षा माणसांच्या प्रशिक्षणावर आणि नियामकांच्या मनोवृत्तीवर ठेवले. त्यानंतर नियंत्रण कक्षांची रचना आणि प्रशिक्षण बदलले, आणि एका केंद्रातली चूक दुसऱ्या केंद्राला कळवण्याची संस्थात्मक सोय उभी राहिली.

आता चेर्नोबिल. २६ एप्रिल १९८६ रोजी रात्री १ वाजून २३ मिनिटांनी चौथी भट्टी फुटली. या भट्टीच्या आरबीएमके प्रकारात एक मूळ दोष होता: कमी शक्तीवर चालताना पाण्याची वाफ झाली की साखळी प्रक्रिया मंदावण्याऐवजी वाढत असे. दुसरा दोष नियंत्रक कांड्यांचा होता. त्यांच्या टोकांना ग्रॅफाइट असल्यामुळे त्या आत घालताना पहिले काही क्षण शक्ती कमी होण्याऐवजी वाढे. त्या रात्री चाचणीसाठी सुरक्षा यंत्रणा निकामी केल्या होत्या, आणि भट्टीवर पाश्चात्त्य पद्धतीचे बंदिस्त कवच नव्हतेच. भट्टी थांबवण्यासाठी दाबलेल्या कळीनेच तिचा स्फोट घडवला. हे दोन्ही दोष असलेली भट्टी भारतात कधीही बांधली गेलेली नाही. तारापूरच्या जुन्या भट्ट्यांत किंवा जैतापूरसाठी ठरलेल्या भट्ट्यांत पाणी उकळून गेले तर साखळी प्रक्रिया मंदावते. देशी जड पाण्याच्या भट्ट्यांमध्ये वाफेचा परिणाम शक्ती वाढवण्याकडे थोडासा झुकतो, म्हणून त्यांना भट्टी तत्काळ थांबवणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. या भट्ट्या ग्रॅफाइटवर चालत नाहीत आणि कवचाविना उभ्या नाहीत. हा फरक तपशिलाचा म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण चेर्नोबिलचा सगळा अनर्थ याच तपशिलातून झाला.

चेर्नोबिलच्या बळींबद्दल लाखांचे आकडे सहज फेकले जातात. नोंदींतून दिसते ते असे. त्या रात्री स्फोटात दोन माणसे मेली; तीव्र किरणोत्सर्गबाधा झालेल्या १३४ जणांपैकी २८ त्या वर्षी मेले, बहुतेक अग्निशामक आणि केंद्राचे कर्मचारी. पुढच्या दोन दशकांत, लहानपणी त्या परिसरात असलेल्यांमध्ये थायरॉइड कर्करोगाचे सुमारे ६,००० रुग्ण सापडले. २००५ पर्यंत त्यांपैकी १५ दगावले. सर्वाधिक बाधित सहा लाख लोकांमध्ये अखेरीस ४,००० पर्यंत मृत्यू होतील, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २००५ मध्ये दिला. संपूर्ण युरोप आणि २०६५ पर्यंतचा काळ धरून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी २००६ मध्ये १६ हजारांचा अंदाज मांडला. अल्प मात्रेचाही त्याच प्रमाणात परिणाम होतो असे धरून केलेला हा हिशेब आहे. यांतला मोठा आकडा धरला, तरी मानवी इतिहासातल्या सर्वांत वाईट अणुवीज अपघाताचे हे पाऊण शतकाचे फलित आहे. आणि त्यातही थायरॉइडचे बहुतेक रुग्ण टाळता आले असते. इंग्लंडने १९५७ मध्ये दूध ओतून दिले होते. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी खेड्यांतल्या मुलांना ते कित्येक दिवस पिऊ दिले. शेजारच्या प्रिप्यात शहरातल्या सुमारे ४९ हजार माणसांना हलवायला दीड दिवस लावला. मुलांना आजारी केले ते किरणोत्सर्गाने, आणि तो त्यांच्यापर्यंत पोहोचू दिला गुप्ततेने. यातून निघणारी मागणी पारदर्शकतेची आहे.

पिढ्या नासण्याचा मुद्दा सर्वांत भावनिक आहे आणि सर्वांत कमी आधाराचा. हिरोशिमा आणि नागासाकीतून वाचलेल्यांच्या ७० हजारांहून अधिक मुलांचा दशकानुदशके अभ्यास झाला आहे. आईवडिलांना मिळालेल्या किरणोत्सर्गामुळे मुलांत आनुवंशिक दोष वाढल्याचे त्यात आढळले नाही. चेर्नोबिलच्या बाधितांच्या मुलांची जनुकीय तपासणी २०२१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाली; तिचाही निष्कर्ष तोच. केरळच्या करुनागप्पल्ली किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग जगाच्या सरासरीच्या कितीतरी पट आहे. तिथल्या सुमारे ७० हजार रहिवाशांचा दहा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा करणाऱ्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कर्करोगाचे वाढीव प्रमाण दिसले नाही. जी गोष्ट अणुबाँबनंतरच्या दोन शहरांत आणि पिढ्यान्पिढ्या किरणोत्सर्गी वाळूवर राहणाऱ्या कोळ्यांत दिसत नाही, ती जैतापूर प्रकल्पाच्या जागी असलेल्या माडबन गावच्या नातवंडांमध्ये दिसणारच, हे कोणत्या आधारावर सांगितले जाते?

फुकुशिमाचा तपशील जास्त बारकाईने पाहायला हवा, कारण भीतीचा सगळा डोलारा त्याच दुर्घटनेवर उभा आहे. ९.० तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप थांबल्या. सुमारे पाऊण तासाने १४ ते १५ मीटर उंचीची त्सुनामी आली. थांबलेल्या भट्टीतही इंधन तापत राहते आणि ते थंड ठेवायला वीज लागते. ती देणारी डिझेल जनित्रे इमारतींच्या तळघरांत होती; ती बुडाली. तीन गाभे वितळले, हायड्रोजनचे स्फोट झाले. दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. त्सुनामी आणि भूकंपाने त्या दिवशी सुमारे १८,५०० माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. जगभरच्या स्मरणात त्या मृत्यूंवरही अणुभट्टीचेच नाव लागले आहे. प्रत्यक्षात किरणोत्सर्गामुळे झालेला एकच मृत्यू जपान सरकारने मान्य केला, २०१८ मध्ये, एका कामगाराचा, फुप्फुसाच्या कर्करोगाने. रहिवाशांमध्ये किरणोत्सर्गामुळे थेट झालेले आरोग्यावरचे दुष्परिणाम आढळले नाहीत, असे संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीने आपल्या अहवालात नोंदवले. माणसे मेली ती स्थलांतराने. रुग्णालयांतून आणि वृद्धाश्रमांतून घाईने हलवलेले वृद्ध, औषधाविना राहिलेले रुग्ण, घर तुटल्याने खचलेली माणसे: फुकुशिमा प्रांतात आपत्तीशी संबंधित अशा मृत्यूंची संख्या २,००० च्या वर गेली. किरणोत्सर्गाच्या भीतीने किरणोत्सर्गाहून हजारपटींनी अधिक माणसे मारली. ही भीती पसरवणे निरुपद्रवी सावधगिरी आहे, असे यानंतर कोणालाही म्हणता येऊ नये.

'शिस्तीच्या जपानलाही जमले नाही' हे विधान तर ओनागावाचे नाव घेतले की कोसळते. ओनागावा अणुवीज केंद्र त्या भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षा जवळ होते. तिथेही त्सुनामी तेवढीच उंच आली. पण ते केंद्र उंचावर बांधलेले होते. तिन्ही भट्ट्या सुरक्षित थांबल्या, आणि घरे वाहून गेलेल्या गावकऱ्यांनी आसरा घेतला तो केंद्राच्याच आवारात. फुकुशिमा चालवणाऱ्या टेप्को कंपनीच्या स्वतःच्या २००८ मधल्या हिशेबात १५ मीटरच्या वर लाटेची शक्यता निघाली होती. तिने त्यावर काही केले नाही, आणि नियामकाने करायला लावले नाही. जपानी संसदेने नेमलेल्या कुरोकावा आयोगाने २०१२ मध्ये या दुर्घटनेला मानवनिर्मित ठरवले आणि नियामक कंपनीच्या ताब्यात गेल्याचे स्पष्ट लिहिले. एकाच देशात, एकाच दिवशी, एकाच लाटेसमोर एक केंद्र टिकते आणि दुसरे बुडते, यावरून अपघात अटळ होता असे सिद्ध होते की टाळता येण्यासारखा होता असे?

भारताचा अनुभवही सांगण्यासारखा आहे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर चालू झाल्या. देशातले ते पहिले अणुवीज केंद्र. सुरुवातीची वर्षे चांगली नव्हती. यंत्रांच्या त्रासापायी २१० मेगावॉटच्या भट्ट्या १६० मेगावॉटवर आणाव्या लागल्या. तरीही अर्धशतकात तारापूरच्या भट्ट्यांतून बोईसर किंवा पालघरची वस्ती हलवावी लागेल अशी गळती झालेली नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी कल्पाक्कमला त्सुनामीचे पाणी पंपघरात शिरले. चालू असलेली भट्टी सुरक्षित थांबवली गेली आणि काही दिवसांतच पुन्हा सुरू झाली. त्याच लाटेत तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हजारो माणसे मेली.

देशाच्या अणुवीज इतिहासात सर्वांत गंभीर प्रसंग उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याचा. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे टर्बाइनची दोन पाती तुटली, जनित्रातला हायड्रोजन पेटला, आग केबलींतून पसरली आणि केंद्राची वीज सुमारे १७ तास गेली. नियंत्रण कक्ष धुराने भरला. कर्मचारी विजेऱ्या घेऊन वर चढले आणि त्यांनी हाताने बोरॉनचे द्रावण भट्टीत सोडले. डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी पाणी पुरवले गेले. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. या कर्मचाऱ्यांच्या धैर्याबद्दल मराठीत कुठे लिहिले जात नाही, हे खेदाचे आहे. पण त्या रात्रीचा दोषही झाकता येत नाही. अशा पात्यांबद्दल मूळ निर्मात्याचा इशारा आधीच आलेला होता. केबली एकत्र नेल्या की एकच आग सगळ्या सुरक्षा यंत्रणा निकामी करते, हा धडा अमेरिकेतल्या ब्राउन्स फेरी केंद्राच्या मार्च १९७५ च्या आगीने दिला होता. म्हणजे नरोऱ्याला हवे ते ज्ञान जगात उपलब्ध होते; ते अमलात आणायला लावणारा हात नव्हता.

अणुविजेच्या विरोधकांचा इथे, सुरक्षेच्या प्रश्नात फक्त इथेच, एक मुद्दा पूर्णपणे मान्य करावा लागतो. १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ ज्यांच्यावर लक्ष ठेवायचे त्याच व्यवस्थेला उत्तरदायी राहिले. त्याचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी हे वारंवार सांगितले, आणि महालेखापालांनी २०१२ च्या अहवालात तेच नोंदवले. नियामकाला स्वतंत्र वैधानिक अधिकार देणारे विधेयक सप्टेंबर २०११ मध्ये लोकसभेत आले आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर बाद झाले. त्या तीन वर्षांत जैतापूरविरोधी सभांमध्ये या विधेयकाची किती चर्चा झाली? थ्री माइल आयलंड, चेर्नोबिल, फुकुशिमा आणि नरोरा या चारही ठिकाणी अपघाताच्या मुळाशी निघालेली एकच गोष्ट, कमजोर देखरेख, दुरुस्त करण्याची संधी समोर होती, आणि 'अणुभट्टी नकोच' या घोषणेच्या आवाजात तिच्याकडे दुर्लक्ष झाले. जो संपूर्ण नकार देतो, त्याला सुधारणेत रस उरत नाही; आणि देशातल्या चालू भट्ट्यांशेजारी राहणाऱ्या लोकांना हवी असते ती सुधारणाच.

आता जैतापूर. माडबनच्या सड्यावर प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट, अशी मूळ योजना होती. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, तीव्रता सुमारे ६.५, कोयनानगर आणि परिसरात १८० च्या आसपास माणसे गेली. जैतापूर तिथून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. जपानच्या काशिवाझाकी-कारिवा केंद्राजवळ १६ जुलै २००७ रोजी जवळजवळ तेवढ्याच तीव्रतेचा भूकंप झाला, तोही २० किलोमीटरच्या आत. हादरे आराखड्यात धरले होते त्याहून जास्त होते. चालू भट्ट्या थांबल्या, एक रोहित्र पेटले, अगदी किरकोळ गळती झाली, गाभ्यांना इजा झाली नाही. मग त्याच तीव्रतेचा भूकंप १०० किलोमीटरवरून जैतापूरचा नाश करील, हे भाकीत कशाच्या बळावर? आणि त्सुनामीचा दाखला देणाऱ्यांनी माडबनचा सडा समुद्रसपाटीपासून सुमारे २५ मीटर उंच आहे, हे का सांगू नये? १९६७ च्या त्याच भूकंपात कोयना धरणाला भेगा पडल्या होत्या. भेगा पडलेले ते धरण मजबूत केले गेले आणि आजही शंभर टीएमसीच्या आसपास पाणी अडवून उभे आहे. भूकंपाची खरी काळजी असेल तर कराडच्या डोक्यावरचे ते पाणी आधी आठवायला हवे होते.

जैतापूरच्या लोकांच्या तक्रारी मात्र खऱ्या आहेत, आणि त्या किरणोत्सर्गाच्या भीतीत मिसळून टाकणे हा त्यांच्यावरचाच अन्याय आहे. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या गावांची जमीन संमतीविना घेतली गेली. साखरी नाट्याच्या मच्छीमारांना केंद्राच्या कोमट पाण्याने आणि सुरक्षाबंदीने आपला समुद्र जाईल अशी चिंता आहे. १८ एप्रिल २०११ रोजी आंदोलनावर झालेल्या पोलीस गोळीबारात एक तरुण मच्छीमार मरण पावला. हे सगळे कोणत्याही मोठ्या प्रकल्पात घडू शकते, आणि कोयनेच्या, उजनीच्या धरणग्रस्तांबाबतही घडले आहे. या तक्रारींची दाद पुनर्वसन, मोबदला आणि मासेमारीच्या हक्कांच्या भाषेत मागता आली असती आणि तिला उत्तर द्यावेच लागले असते. शहरातून आलेल्या प्रलयाच्या भाकितांनी ती भाषा मागे पडली. तीच गत खर्चाची. याच प्रकारची भट्टी फ्रान्समध्ये फ्लामानव्हिल येथे २००७ मध्ये बांधायला घेतली आणि ती वीजजाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. इतक्या विलंबाची वीज परवडेल का, हा जैतापूरवरचा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. पण तो पैशाचा आक्षेप आहे. महाग वस्तू महाग असते, त्यामुळे ती प्राणघातक ठरत नाही.

कचऱ्याचा मुद्दा थोडक्यात. भट्टीतले वापरलेले इंधन आकारमानाने अगदी थोडे असते. ते मोजता येते, एका जागी ठेवता येते. तारापूरलाच त्यावर पुनर्प्रक्रिया होते, आणि उरलेला तीव्र किरणोत्सर्गी भाग काचेत बंद करून साठवला जातो. कोळशाची राख भारतात वर्षाला २० कोटी टनांहून अधिक निघते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटून ती शेतांत आणि ओढ्यांत गेली. जो कचरा कोठारात आहे त्याची चिंता आणि जो नाल्यात आहे त्याची नाही, हा सुरक्षिततेचा कोणता विचार?

शेवटचा दावा 'वीज इतर मार्गांनीही मिळते' हा. मिळते, आणि महाराष्ट्रात ती मुख्यतः कोळशातून मिळते. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी येथल्या चिमण्यांतून निघणारे सूक्ष्म कण आणि सल्फर डायऑक्साइड कोणत्याही अपघाताविना, रोज, ठरल्याप्रमाणे बाहेर पडतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मोजणीत चंद्रपूर गंभीर प्रदूषित क्षेत्रांत होते. डिसेंबर २०१५ मध्ये कोळशाच्या केंद्रांसाठी नवी मानके आली, ती दोन वर्षांत पाळायची होती. मुदती पुन्हा पुन्हा वाढवल्या गेल्या. २०१०-११ सालात देशातल्या कोळसा केंद्रांच्या प्रदूषणामुळे ८० हजार ते १ लाख १५ हजार अकाली मृत्यू झाले, असा अंदाज २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दिला. चेर्नोबिलचा वर दिलेला पाऊण शतकाचा अंदाज भारतीय कोळसा तीन महिन्यांच्या आत पार करतो. सौर आणि पवनऊर्जा सुरक्षित आहेत, वाढायलाच हव्यात. पण पुण्यात रात्री आणि पावसाळ्यातल्या ढगाळ आठवड्यांत दिवे लागतात ते आज तरी कोळशावर. जर्मनीने फुकुशिमानंतर अणुभट्ट्या टप्प्याटप्प्याने बंद केल्या, शेवटच्या तीन १५ एप्रिल २०२३ रोजी. त्या बंदीमुळे वाढलेल्या कोळशाच्या वापराचा हिशेब अर्थशास्त्रज्ञांनी मांडला, तेव्हा वर्षाला सुमारे १,१०० जादा मृत्यू निघाले.

हाच हिशेब तारापूरला लावून पाहता येतो. तिथल्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या. ८० टक्के क्षमतेने चालल्या तर वर्षाला साडेसातशे कोटी युनिटच्या आसपास वीज देतात. दर शंभर कोटी युनिटमागे कोळशाचे मृत्यू, युरोपातल्या आकडेवारीवरून, सुमारे २५. अणुविजेचे, चेर्नोबिल आणि फुकुशिमा धरूनही, ०.०३. म्हणजे या दोन भट्ट्या नसत्या आणि तेवढी वीज कोळशातून आली असती, तर दरवर्षी सुमारे १९० माणसे जास्त मेली असती, आणि भारतातल्या चिमण्यांची स्थिती पाहता प्रत्यक्षात त्याहून पुष्कळच अधिक. ही माणसे चंद्रपूरच्या ऊर्जानगरात आणि दुर्गापुरात, परळीच्या वस्त्यांत राहतात. दम्याने आणि हृदयविकाराने एकेक करून जातात आणि त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर वीज केंद्राचे नाव नसते. अणुवीज नको असे म्हणणाऱ्याने या १९० जणांना काय सांगायचे ते आधी ठरवावे आणि मग चेर्नोबिलचे नाव घ्यावे.